दोन इंच उंचीचा जमाखर्च

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीवर आमचा विशेष राग नाही. परंतु गेली कित्येक वर्षे या सदरातून घरोघरीचे जमाखर्च तपासताना आम्हांस असे दिसून आले आहे की, हौसेला मोल असतेच, फक्त ते एकदम मागितले जात नाही. ते हप्त्याहप्त्याने वसूल होते, आणि त्यातला एखादा हप्ता ज्याची हौस त्याने नव्हे, तर घरातील दुसऱ्याच कोणी तरी भरलेला असतो. लग्नकार्याच्या खर्चाविषयी, माडी चढवण्याच्या खर्चाविषयी आम्ही पूर्वी लिहिले आहे. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. चिखलातून, खडकांतून आणि ओढ्यांतून चालणाऱ्या मोटारीची उंची वाढवण्यास खरोखर किती खर्च येतो, हे आम्ही पाहणार आहोत.

विषय आमच्या घरातलाच आहे, म्हणून संकोच सोडून लिहितो. आमच्या थोरल्या बंधूंचे जांबोटीच्या पुढे थोडे शेत आहे. त्या बाजूचा पाऊस वाचकांस ठाऊक आहेच. आषाढात तेथील गाडीवाट ही वाट न राहता ओहोळ होते. २०२३ च्या दिवाळीत आमच्या पुतण्याने जिम्नी ही चारही चाकांनी ओढणारी मोटार घेतली तेव्हा आम्ही सर्वांनी त्याचे कौतुकच केले. बेळगाव हे पलटणीचे गाव. जीप आणि जिप्सी पाहतच येथील मुले लहानाची मोठी होतात. तेव्हा या मुलाला हे वेड लागले यात नवल नव्हते. पुढे त्याला त्याच्यासारखेच चार मित्र भेटले, आणि २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गाडी 'दोन इंच उचलण्याचा' बेत पक्का झाला.

"काका, लाखभरात काम होते. पोटाखाली दोन इंच जास्त मिळाले की शेताच्या वाटेवर गाडी कुठे टेकायची नाही," असे त्याने आम्हांस सांगितले. लाख हा आकडा आम्ही तेव्हाच वहीत टिपून ठेवला. आज या लेखाचा आधार तीच वही आहे.

प्रथम उंची वाढवणे म्हणजे काय ते पाहू. मोटारीचा सांगाडा चाकांच्या ॲक्सलवर स्प्रिंगांच्या आधाराने तोललेला असतो. या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी अधिक लांब स्प्रिंगा घातल्या, की सांगाडा ॲक्सलपासून वर उचलला जातो. याहून स्वस्त मार्ग म्हणजे जुन्याच स्प्रिंगांवर जाड चकत्या बसवणे. सांगाडा उचलल्याने चाकांच्या कमानीत जागा होते आणि तीत मोठे टायर बसतात. आमच्या पुतण्याने स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलले, त्यास ६२,००० रुपये पडले. मूळच्या टायरांहून मोठे असे पाच टायर घेतले, त्यांचे ४७,५०० झाले. मजुरी ८,००० झाली. पहिल्याच दिवशी लाखाचे १,१७,५०० झाले. एवढा फरक कोणत्याही कामात पडतोच, असे म्हणून घरात कोणी काही बोलले नाही.

गाडी दिसायला मोठी रुबाबदार झाली, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. परंतु शेताच्या पहिल्याच फेरीत, ज्या दगडाला ती पूर्वी घासत असे, त्याच दगडाला ती पुन्हा घासली.

याचे कारण उद्यमबागेतील एका वयोवृद्ध मिस्त्रींनी आम्हांस जमिनीवर उकिडवे बसवून दाखवले. ते कारण इतके साधे आहे की, पैसे देण्यापूर्वी ते कोणी सांगितले नाही याचेच आश्चर्य वाटावे. या जातीच्या गाडीत डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकसंध ॲक्सल असतो, आणि त्याच्या मध्याजवळ डिफरेन्शियलचा लोखंडी गोळा असतो. गाडीचा सर्वांत खालचा भाग हाच. तो स्प्रिंगांच्या वर नसून खाली आहे. स्प्रिंग दोन इंच लांब करा की दहा इंच; सांगाडा वर जाईल, गोळा जागचा हलणार नाही. त्याला वर नेण्याचा एकच उपाय, तो म्हणजे मोठे टायर. आणि टायरची एकंदर उंची जितकी वाढेल तिच्या निम्म्यानेच गोळा वर जाईल.

आता हिशेब करू. मूळचा टायर १९५/८० आर १५, म्हणजे एकंदर उंची ६९३ मिलिमीटर. नवा टायर २३५/७५ आर १५, म्हणजे सुमारे ७३३ मिलिमीटर. फरक ४० मिलिमीटर; त्याचे निम्मे २०. कारखान्याने या गाडीची जमिनीपासूनची मोकळीक २१० मिलिमीटर सांगितली आहे, ती २३० झाली. ६२,००० रुपयांच्या स्प्रिंगांनी गोळ्याखाली काहीही मिळाले नाही. जे मिळाले ते टायरांनी दिले, आणि ते एका बोटाच्या रुंदीइतके होते.

स्प्रिंगांचा काहीच उपयोग नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एखादा बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि मधले पोट बांधावर टेकते. हे टेकणे सांगाडा उचलल्याने निश्चित कमी होते. या गाडीचा तो कोन २४ अंशांचा आहे. आमच्या हिशेबाने दोन इंचांनी तो सुमारे चार अंशांनी वाढतो. ज्याच्या वाटेत असे बांध रोज येतात, त्याला या चार अंशांची किंमत आहे. आमच्या वाटेत दगड होते, बांध नव्हते. औषध चांगले होते, पण रोग दुसरा होता.

यानंतर वहीतली पाने भराभर उलटू लागली.

सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून किंचित कललेला असतो, हे सर्वांनी पाहिले असेल. त्या कलाच्या मदतीने सायकल हात सोडूनही सरळ जाऊ शकते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. सांगाडा वर गेला की ॲक्सलला धरून ठेवणारे दांडे तिरपे होतात, ॲक्सल थोडा फिरतो आणि तो कल कमी होतो. मग स्टिअरिंग वळणानंतर आपण होऊन सरळ येत नाही, आणि खड्डा बसला की चाके थरथरू लागतात. २०२४ च्या श्रावणात चोर्ला घाटाच्या वाटेने साखळीकडे जाताना आम्ही स्वतः मागच्या आसनावर होतो, शेजारी आमच्या वहिनी होत्या. कणकुंबीच्या अलीकडे एका खड्ड्यातून गाडी गेली, आणि स्टिअरिंग पुतण्याच्या हातांत असे काही गदगदू लागले की, वहिनींनी देवाचे नाव घेतले. त्याने घाबरून ब्रेक दाबला नाही, हळूहळू वेग उतरवून गाडी कडेला घेतली, म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही उपलब्ध आहोत.

त्या थरथरीवर कल दुरुस्त करणारे बुश बसवले, मजुरीसह १०,००० रुपये. ॲक्सल सांगाड्याखालून एका बाजूस सरकू नये म्हणून आडवे दांडे बदलले, १६,००० रुपये. अलाइनमेंट तीन वेळा, ३,६०० रुपये. ॲक्सल खाली झोके घेऊ लागल्याने ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात होते. ते लांबीचे घेतले, ९,००० रुपये. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढल्यामुळे ठरावीक वेगात गुणगुण येऊ लागली आणि क्रॉस झिजले, ६,५०० रुपये. पूर्ण वळणावर मोठे टायर बंपरला घासत होते, म्हणून बंपर कापला, ४,५०० रुपये. या साऱ्या गोष्टी सावकाश लक्षात येईपर्यंत पुढचे दोन टायर नऊ हजार किलोमीटरांतच एका कडेने झिजून गेले, १९,००० रुपये. बेरीज ६८,६००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी आपल्याकडे म्हण आहेच.

ज्या कारखान्यात हे काम झाले, त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांनी बसवलेला माल खोटा नव्हता. गाडीचा एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेले पाच भाग बदलावे लागतात, एवढेच त्यांनी गिऱ्हाइकास सांगितले नाही. आणि गिऱ्हाइकानेही विचारले नाही.

पेट्रोलचेही असेच. पूर्वी लिटरला चौदा किलोमीटर पडत असत, ते साडेबारा झाले. बारा हजार किलोमीटरांस शंभराहून अधिक लिटर जादा लागले. लिटरला शंभर रुपये धरले तरी दहा हजारांच्या वर गेले. यात एक गंमत आहे. चाकाचा घेर सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे गाडी शंभर किलोमीटर चालली तरी काटा साडेचौऱ्याण्णवच मोजतो. तेव्हा पेट्रोलचा खप आमच्या वहीत दिसतो तितका खरोखर वाढला नव्हता. काही भाग काट्याचाही होता. परंतु जो काटा अंतर कमी मोजतो तोच वेगही कमी दाखवतो. साठ दिसतात तेव्हा चाके साडेत्रेसष्टाच्या हिशेबाने धावत असतात. आणि ही जड, मोठी चाके थांबवण्याचे काम पूर्वीच्याच ब्रेकांकडे असते.

पैशांचा हिशेब येथे संपला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पैसा जातो आणि येतो. परंतु उंचीची एक किंमत अशी आहे की, जी कोणत्याही बिलात येत नाही.

उसाने भरलेली गाडी आपल्या भागात कोणी पाहिली नाही? चाकांतले अंतर तेवढेच, बैल तेच, वाट तीच. पण भार जसा वर रचत जावा, तशी एका चाकोरीत चाक उतरताच गाडी कलू लागते. मोटारीचेही तत्त्व हेच. कोणत्याही गाडीचा तोल दोन गोष्टींवर ठरतो: डाव्या-उजव्या चाकांतील अंतराचे निम्मे आणि तिच्या भाराच्या मध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. भागाकार जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. या गाडीच्या चाकांतील अंतर सुमारे १,४०० मिलिमीटर, निम्मे ७००. भारमध्य, समजा, ६५० मिलिमीटर उंचीवर आहे. भागाकार १.०८ येतो. स्प्रिंगा आणि टायर मिळून भारमध्य ६० मिलिमीटर वर गेला असे धरा, भागाकार ०.९९ वर उतरतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, परंतु दिशा निश्चित आहे. टपावर सामान बांधले की तो आणखी उतरतो. घाटातल्या वळणावर एखादे जनावर आडवे आले आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवावे लागले, तर हा उतरलेला भागाकारच कामाला येतो. गाडी घसरू लागली असता तिला सावरणारी जी आधुनिक यंत्रणा असते, तीही कारखान्याने मूळ उंचीवर, मूळ टायरांवर पारखून घेतलेली असते.

कायद्याचे अंगही विसरून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, काही अपवाद वगळता, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम नव्या स्वरूपात आले. अनुज्ञा नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय विमा कंपनीस न कळवता असे बदल केले असल्यास, नेमक्या अपघाताच्या वेळी ती प्रश्न उपस्थित करील, हे वेगळे सांगावयास नको. हा प्रसंग आमच्यावर आला नाही. पण आला नाही म्हणून तो खर्च नव्हता, असे समजणे योग्य नव्हे.

आता वहीच्या शेवटच्या पानाकडे वळतो. त्या पानावर आकडा नाही.

आमच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी. दत्तजयंतीस नृसिंहवाडीला जाण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम आहे. गाडी घेतली तेव्हा पुतण्याने सर्वांत आधी तिच्यात बसवले ते आजीलाच. २०२४ च्या दत्तजयंतीला पहाटे गाडी दारात आली. आईंनी एक पाय वर टाकला, आणि तो पोचला नाही. पुतण्या धावत जाऊन घरातला पाट घेऊन आला. "लग्नात पाटावर उभी राहिले ते पुरे झाले रे," असे म्हणत त्या हसल्या आणि पाटावर चढल्या. पण पाट ओल्या फरशीवर किंचित सरकला, आणि त्यांचा गुडघा दाराच्या उंबऱ्यावर आपटला. लागले फारसे नव्हते. पण त्यांनी हातातली फुलांची पुडी वहिनींकडे दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझा नमस्कार सांगा."

त्या दिवशी वाडीपर्यंतच्या प्रवासात कोणी फारसे बोलले नाही. परतताना निपाणीच्या अलीकडे पुतण्या आपण होऊन म्हणाला, "काका, तुमच्या वहीत आजचे कुठल्या बाजूला लिहिणार?" आम्ही उत्तर दिले नाही. त्याला ते ठाऊक होते.

२०२५ च्या संक्रांतीनंतर गाडी पुन्हा मूळच्या उंचीवर आली. पेट्रोल धरून एकंदर खर्च १,९६,४०० रुपये झाला होता. काढलेले सामान विकून ४०,००० आले, पूर्ववत करण्याची मजुरी ९,००० गेली; निव्वळ खर्च १,६५,४०० रुपये. आता त्यात काय शिल्लक राहिले म्हणाल, तर कापलेला बंपर आणि बरेचसे शहाणपण.

या शहाणपणातले दोन घास वाचकांसाठी काढून ठेवतो. पहिला असा की, या गाड्या बनवणाऱ्यांनी उंची अंदाजाने ठरवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात रानोमाळ फिरलेल्या विलिज जीपची जमिनीपासूनची मोकळीक पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर होती. २०२० साली नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या नव्या थारची २२६ आहे, जिम्नीची २१०. ऐंशी वर्षांच्या अनुभवानंतर सारे त्याच चार-दोन बोटांत फिरत आहेत, याला काही अर्थ असावा.

दुसरा घास त्या वृद्ध मिस्त्रींनी दिला, आणि तोही फुकट. वाटेत दगड दिसला की नवशिका तो दोन चाकांच्या मध्ये घेतो, कारण टायर वाचावा असे त्यास वाटते. आणि नेमका तेथेच डिफरेन्शियलचा गोळा असतो. जाणता मनुष्य चाक दगडावरच चढवतो. चाक वर गेले की ॲक्सलही वर जातो, आणि गोळा सुखरूप पलीकडे उतरतो. त्याबरोबर शेताच्या वाटेवर टायरांतली हवा अठरा पौंडांपर्यंत उतरवावी, वेग अगदी कमी ठेवावा, आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी. मऊ झालेला टायर दगडाला आणि चिखलाला धरून चालतो. हवा भरण्याचा लहान पंप आणि हवा मोजण्याचे यंत्र यांस आमच्या पुतण्याला साडेचार हजार रुपये पडले. गेल्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी एकदाही अडकली नाही.

ज्यांना खडकांवर गाडी चढवण्याचा खेळच खेळावयाचा आहे, त्यांच्या हौसेआड आम्ही येत नाही. परंतु त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण यादी मागावी. स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर, कल दुरुस्त करणारे बुश, आडवे दांडे, ब्रेकचे पाइप, अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत खाली करणे. हे सारे एका कागदावर, बेरजेसह असावे. त्याखाली नोंदणीचे व विम्याचे काय, हेही लिहून घ्यावे. आणि कागद खिशात घालण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास एकवार गाडीत बसवून पाहावे. मग त्याच्या पायाखाली दोन इंचांचा एक पाट कमी झाला आहे, अशी कल्पना करावी.

आई यंदाही वाडीला जाऊन आल्या. गाडीत चढताना त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. पाट आता पूर्वीसारखा देवघरात असतो.